मिस्त्री आदी बायकोला विचारायचा

नथू मिस्त्रीने माज्या पोराला, हेमूला, पयला प्रश्न विचारला तो इंजिनचा नाय, लग्नाचा. "झालंय काय?"

हेमू गेलेला बोईसरला, बोटीच्या इंजिनला टर्बो घ्यायला. जुना जाम झालेला. त्याला वाटलं, मिस्त्रीची पोरगी लग्नाची असंल. छाती काढून म्हणतो, "झालंय. पोरगी पण हाय मला."

"मंग बायकोला घेऊन ये," मिस्त्री म्हणाला. "ती रिकामी नसंल तर आईला आण. त्याशिवाय मी पाना धरत नाय." आणि पेपर तोंडासमोर धरून बसला.

घरी येऊन हेमूने सगळा राग माज्यावर काढला. म्हातारा येडा हाय, इंजिनचं काम हाय का सोयरीक हाय, असं काय काय बोलला. मी वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, सुकत घातलेले बोंबील पालटत होते. मी म्हटलं, बाजाराला मी बोईसरला येतेच हाय, जाऊ, बगू येडा कसा दिसतो. येडी माणसं मी लय बगितली. पण बाईला विचारून काम करणारा पुरुष माज्या जन्मात बगितला नव्हता.

आमी मुरब्याचे. समोर दर्या, बाजूला खाडी. खाडीच्या तोंडाशी एका अंगाला रेती साचते, दुसऱ्या अंगाला काळा दगड हाय, मदी बोटीपुरती गल्ली. भरतीला कोणीपण आत येईल. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर पडतं, मागून लाट ढकलते, बोट आडवी व्हायला बगते. तेव्हा इंजिनने मागितल्याबरोबर जोर दिला पायजे. हेमूचा बाप त्याच दगडावर गेला. इंजिनने जोर दिला, पण उशिरा दिला. खलाशी पोहत आले, तो नाय आला. हेमू तेव्हा रांगत होता. त्या दगडाला मी कदी शिव्या दिल्या नायत. दगड आपल्या जागेवर बसलाय. मी पाटी डोक्यावर घेतली, सुके बोंबील पालघर-बोईसरला विकले, पोरगा वाढवला, बोट परत उभी केली. रडत बसले असते तर बोंबील कोणी पालटले असते.

तर टर्बो काय असतो ते मला ठावं नव्हतं. पण तोंडाशी इंजिनला दम लागतो, हे मला हेमूपेक्षा जास्त ठावं होतं.

मिस्त्रीचं गॅरेज बेटेगावच्या अंगाला, रस्त्याला लागून. बाहेर मनोर हायवेचे ट्रक उभे, आत तेल, काळं, लोखंड, आणि मदोमद हा माणूस पांढऱ्या शर्टात. इस्त्रीचा शर्ट. डाग म्हणून एक नाय. हात पाठीमागे बांधून फिरायचा, कामगारांना हिंदीतून शिकवायचा. एखादा नट कोणालाच सुटला नाय की शर्ट काढायचा, घडी करायचा, खुंटीवर ठेवायचा आणि बनियनवर इंजिनखाली शिरायचा. काम झालं की हात धुऊन परत शर्ट. त्याची बायको, वैनी म्हणायचो आमी, गॅरेजच्या मागेच राहायची. ती म्हणायची, "शर्टाला मला साबण पण लागत नाय. बनियन मात्र दर दिवाळीला जाळते."

मला बगून मिस्त्री उठला. स्टूल पुसून दिलं. "बस, बाय." हेमूला म्हणाला, "तू उभा रहा. आणि बोलायचं नाय."

मंग विचारायला लागला. बोट कुठे जाते, जाळं किती वेळ ओढते, येताना भरलेली असते का रिकामी. मी सांगत गेले. मंग विचारलं, पोरगा चालवतो किती जोरात. हेमूला राहवलं नाय. फुल रेसवर चालवतो, म्हणाला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुल.

मिस्त्रीने त्याच्याकडे बगितलं पण नाय. माज्याकडेच बगत राहिला.

मी म्हटलं, "डिझेल मी भरते. फुल चालवली असती तर दुपारीच वल्ही मारत आला असता. हळू जातो, हळू ओढतो. जोर लागतो तो येताना, खाडीच्या तोंडाशी."

"बगितलंस?" मिस्त्री हेमूला म्हणाला. "पुरुष माणसाला वेग विचारला की तो मनातला सांगतो. बाई कानातला सांगते."

मंग विचारलं, धूर काळा कदी होतो. मी सांगितलं, तोंडाशीच. रेस दिली की आदी काळा धूर येतो, मंग आवाज चढतो, मंग बोट हलते. त्याच्या मदी किती वेळ जातो, म्हणाला. मी म्हटलं, "घड्याळ नाय माज्याकडे. माजा जीव वर येऊन खाली बसतो, तेवढा."

दुसरा कोण असता तर हसला असता. मिस्त्रीने मान फिरवली आणि कामगाराला ओरडून सांगितलं, "सुना? उतना टाइम लेता है."

हेमूने शेवटी त्याचं घोडं पुढे दामटलं. त्याला सगळ्यात मोठा टर्बो पायजे होता. शेजारच्या बोटीच्या तांडेलाने बसवलाय, त्याच्यापेक्षा मोठा. मिस्त्री उठला. आत गेला, वैनीची शेगडी उचलून घेऊन आला, तिच्यावर वैनीचा भात होता तो खाली उतरवून. आतून वैनीचा आवाज आला तो मी सांगत नाय. निखाऱ्यांवर राख धरलेली. मिस्त्रीने हेमूच्या हातात एक जाडा पाईप दिला, मनगटाएवढा. "फुंक."

हेमू फुंकत राहिला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, निखारे तसेच. शेवटी जीव तोडून फुंकलं तर राख उडाली ती सगळी त्याच्याच तोंडावर. मंग मिस्त्रीने वैनीची फुंकणी मला दिली. मी फुंकलं. जन्मभर तेच केलंय. निखारा लगेच लाल.

"हाच टर्बो," मिस्त्री म्हणाला. "इंजिनचा धूर बाहेर जाताना एक चाक फिरवतो, ते चाक आत वारं फुंकतं. धूर थोडा आणि चाक मोठं, तर ते फिरायलाच उशीर. छोटं चाक थोड्या धुरात फिरतं, लगेच फुंकतं."

मी विचारलं, मंग मोठा कशाला करतात.

"मोठा वाईट नाय, बाय. लग्नाचं जेवण करायचं असंल तर ही फुंकणी काय पुरणार? हायवेवर दिवसभर एका वेगात भरलेला ट्रक पळतो, त्याला मोठाच पायजे. त्याला छोटा लावला तर धूर बाहेर पडायला जागा नाय, इंजिन गुदमरतं. कोणाचं जेवण किती, ते बगून फुंकणी घ्यायची. याचं जेवण खाडीच्या तोंडाशी हाय."

हेमू तोंड पुसत होता. तरी त्याने मोठाच मागितला. मिस्त्रीने दिला नाय. लोक हसतील, हेमू म्हणाला. मिस्त्री म्हणाला, "हसू दे. मी देणार नाय. दुसरीकडे मिळंल तुला." आणि शेगडी आत नेऊन ठेवली. भात मात्र परत वर चढवायला विसरला.

टर्बो न घेताच आमी परत आलो. पण त्या दिवसापासून बाजार उठला की मी वैनीकडे चहाला थांबायला लागले. मुरब्याची रिक्षा भरेपर्यंत कुठे तरी बसायचंच, तर मिस्त्रीच्या स्टुलावर बसायचं. तिथे करमणूक होती.

एकदा पिकअपवाला एक आला, मासळी हायवेला पोचवणारा. नवीन लग्न झालेलं. बायकोला पढवून आणलेलं, कारण मिस्त्रीची रीत तोपर्यंत सगळ्यांना ठावी झालेली. त्याला पळणारी गाडी करायची होती. पोरगी हुशार, विचारायच्या आदीच म्हणाली, "हे लय जोरात चालवतात. मला भीती वाटते."

मिस्त्रीने मान डोलवली. "बरं. गाडीत बसलीस की हातात काय धरतेस?"

"मोबाईल."

मिस्त्री त्या पिकअपवाल्याला म्हणाला, जोरात चालवणाऱ्याची बायको दरवाजा धरते. तू बैलगाडी चालवतोस. तुला नवीन टर्बो नको, हवेचा फिल्टर साफ कर आणि जा. पोरगी खाली बगून हसत होती. तिला बरं वाटलेलं, तेवढं मला कळलं.

वैनीला मात्र या रीतीचा राग होता. मला म्हणायची, "सगळ्या जगाच्या बायकांना विचारतो. मला एकदा विचारलं नाय, भाजी कोणती आणू. रोज वांगं आणतो."

मी मिस्त्रीला चहाच्या बदल्यात बोंबील द्यायचे. त्याला बोंबलाचं वेड. पण तोंड वाईट, त्यातपण चुका काढणार. हा ओलसर हाय, म्हणायचा, अजून सुकायला पायजे होता. मी म्हटलं, पाऊस नुकताच गेलाय, ऊन काय माज्या बापाचं हाय? तर म्हणाला, ऊन नसंल तर वारं पायजे, आणि वारं कुठे मिळतं ते मला विचार.

झालं असं, की गॅरेजात एका गिऱ्हाईकाचं मोठं इंजिन लोखंडी घोडीवर चढवून चालू करून बगत होते. हवेचा फिल्टर काढलेला. टर्बोच्या तोंडासमोर हात धरला तर वारं कसं आत ओढतं, ते मिस्त्रीला ठावं. त्याने काय करावं? माजे ओलसर बोंबील सुतळीला तारेचे आकडे करून लावले आणि ती माळ टर्बोच्या तोंडासमोर टांगली. मला म्हणाला, "बग, बाय. तुमच्या दर्यावर दोन दिवस लागतात, इथे चहा होईपर्यंत." त्याचं गॅरेज, त्याचे कामगार, बोंबीलपण आता त्याचेच.

चहा व्हायच्या आदीच कामगाराने रेस दिली. फुर्र असा आवाज झाला, मंग खडखड, मंग इंजिन बंद केलं. कामगार म्हणाला, "उस्ताद, मछली अंदर गया."

मिस्त्री म्हणाला, "मछली कहाँ से जाएगा? बोईसर में समुंदर है क्या?"

सगळे सुतळीकडे बगत होते. सुतळी नव्हतीच.

मिस्त्रीने शर्ट काढला, घडी केली, खुंटीवर ठेवला. टर्बो खोलला. आतल्या चाकाची पाती तारेने वाकलेली आणि बाकी सगळं बोंबलाचं पीठ. मंग ते पीठ चिमटीत घेऊन वास घेतला, जिभेला लावलं, आणि मला म्हणाला, "मीठ बरोबर हाय."

गिऱ्हाईकाला त्याने नवीन टर्बो बसवून दिला, आणि चूक माजी हाय म्हणून तोंडावर सांगितलं. पण त्या दिवसानंतर त्याच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढला. बाईला सगळं विचारून झालं की शेवटी विचारायचा, "इंजिनजवळ बोंबील सुकवता काय?" आमच्याकडच्या बायका हसायच्या. पण नागपूरकडचा एक ट्रकवाला बायकोला घेऊन आलेला, तिलापण विचारलं. ती बिचारी नवऱ्याकडे बगत राहिली. तिला वाटलं, इकडे तसा कायदा असंल.

आता हेमूचं सांगते. हेमूने चिल्हार फाट्याकडच्या एका माणसाकडून मोठा टर्बो आणून बसवला. ट्रकचा. मला सांगितलं, नथू मिस्त्रीनेच दिला शेवटी. मिस्त्रीने दिला असता तर मला विचारून दिला असता.

बाहेर जाताना बोट काय पळाली. खलाशी खूश. शेजारचा तांडेल बगत राहिला. परत आले ते ऐन ओहोटीला. आमी बायका किनाऱ्यावर पाट्या घेऊन उभ्या. मी बोटीकडे बगत नव्हते, दगडाकडे बगत होते.

गल्लीत शिरताना हेमूने रेस दिली. काळा धूर आला. आवाज नाय चढला. मागची लाट आली, बोट आडवी व्हायला लागली. माजा जीव वर आला तो खाली बसायला तयार नाय. धूर येतोय, आवाज येत नाय. बाजूच्या बाईने माजा दंड धरला. बोटीच्या कुशीला दगड घासला, तो आवाज मला किनाऱ्यावर आला. असाच आवाज मी एकदा आदी ऐकलेला.

आणि मंग टर्बो जागा झाला. एकदम. बोटीने अशी उडी मारली, की गल्लीतून निघाली, आमच्यासमोरून गेली, हेमू रेस कमी करीपर्यंत धक्कापण मागे राहिला आणि बोट सरळ चिखलात जाऊन बसली. वलांड्यांच्या पायाशी. खाली पाणीच नाय. खलाशी उतरायला बगतात तर कमरेएवढा चिखल. पुढची भरती येईपर्यंत सगळं गाव येऊन बगून गेलं. शेजारच्या तांडेलाने हेमूला विचारलं, बोट सुकवायला घातली काय.

हेमू हसला नाय. घरी आला, चिखलाच्या पायाने माज्यासमोर बसला, आणि म्हणाला, "आय, घासली ती."

मी म्हटलं, "ऐकलं मी."

तो म्हणाला, "उद्या मिस्त्रीकडे चल."

मला वाटलं, आता मिस्त्री याला सोलणार. मिस्त्रीने आमाला बगितलं, पेपर खाली ठेवला. हेमूला ओळखच दाखवली नाय. नवीन गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "लग्न झालंय काय?"

हेमू म्हणाला, "झालंय. आईला आणलंय."

"बस, बाय," मिस्त्री म्हणाला. आणि सगळे प्रश्न पयल्यापासून विचारले. बोट कुठे जाते, जाळं किती वेळ ओढते. एकपण सोडला नाय. बोंबलाचापण नाय. हेमू हात बांधून उभा होता. तोंडाशी काय झालं ते मी सांगितलं, आणि आदी एकदा काय झालेलं तेपण सांगितलं. ते मी मिस्त्रीला कदी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीने खुंटीकडे जाऊन शर्ट काढला, घडी केली आणि ढिगातून छोटा टर्बो काढला. बसवलापण त्याने स्वतःच, आमच्या धक्क्यावर येऊन, बोट बांधलेली असताना. तरी त्याचं तोंड हिरवं पडलेलं. दर्याचं त्याला वावडं. बांधलेली बोट हलली तरी त्याला मळमळायचं. वैनी म्हणायची, बादलीतलं पाणी हललं तरी डोळे मिटतो.

म्हणून पयल्या फेरीला तो बोटीवर गेला नाय. किनाऱ्यावर आमच्यात उभा राहिला. पांढरा शर्ट, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, बायकांच्या मदोमद, हातात छत्री. बायका त्याला चिडवत होत्या, मिस्त्री, पाटी देऊ काय. तो ऐकत नव्हता. ओहोटी लागलेली. बोट दिसायला लागली तशी त्याने दर्याकडे पाठ केली आणि माज्या तोंडाकडे बगत उभा राहिला.

मी म्हटलं, बोट तिकडे हाय.

"बोट तू बग," तो म्हणाला.

बोट गल्लीत शिरली. हेमूने रेस दिली. धूर थोडा, आणि त्याच्याबरोबरच आवाज. माजा जीव वर यायला निघालेला, तो अर्ध्या वाटेवरून परत गेला. बोट दगडाच्या बाजूने अशी आली, जशी बाई ओट्यावरून घरात येते.

मिस्त्रीने विचारलं, "काय?"

मी म्हटलं, "लगेच."

त्याने छत्री उघडली आणि रिक्षाकडे निघाला. पाठीमागून बगितलं तर शर्टाला चिखलाचा एक डाग होता. मी सांगितलं नाय.

शेवटचा बगितला तो पालघरला, दवाखान्यात. त्याला दम लागायला लागलेला. हेमू म्हणाला, आय, जाऊ या. मी पिशवीत बोंबील घेतले. खाटेवर पांढरा शर्ट घालूनच बसलेला, नाकात नळी. वैनी पायाशी.

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, बाबा, रोज किती चालता?

"बोईसर स्टेशनापर्यंत जाऊन येतो," मिस्त्री म्हणाला. "न थांबता."

डॉक्टरने त्याच्याकडे बगितलंच नाय. वैनीला विचारलं, "आजी, किती चालतात?"

"घरातल्या मोरीपर्यंत," वैनी म्हणाली. "मदी एकदा बसतात."

डॉक्टरने विचारलं, दम कदी लागतो, उठताना का चालताना, किती वेळ राहतो. सगळं वैनीला. जेवण काय, म्हणाला. मिस्त्री म्हणाला, मुगाची खिचडी. वैनी माज्या पिशवीकडे बगून म्हणाली, "बोंबील." डॉक्टरने मीठ बंद केलं आणि गेला.

मला वाटलं, मिस्त्री चिडंल. तो दरवाजाकडे बगत होता. म्हणाला, "पोरगा शिकलेला हाय."

मंग बराच वेळ श्वास घेत बसला. हेमू जवळ गेला, सांगायला लागला, बोट एकदम फर्स्ट क्लास, काय पळते. मिस्त्रीने हात वर करून त्याला थांबवलं. माज्याकडे वळला.

"तू सांग, बाय."

मी म्हटलं, "तोंडाशी आली की मी आता पाटी विणत बसते. वर बगत नाय."

त्याने डोळे मिटले. मंग मिटल्या डोळ्यांनीच पिशवीकडे हात केला. वैनीने पिशवी उचलून खाटेच्या दुसऱ्या अंगाला ठेवली, त्याचा हात पोचणार नाय अशी. तो म्हणाला, "वास तरी घेऊ दे. सुकलेत का बगतो."